वळण लागलेलं रिव्हॉल्वर

आमचे शेजारी दामूअण्णा निमसे यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू नवी विकत घेतली नाही. स्कूटर वापरलेली, रेडिओ वापरलेला, भिंतीवरचं घड्याळ कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या लिलावातलं. एकदा शहापूरच्या बाजारात ते छत्री घ्यायला गेले. दुकानदार नव्या छत्र्या उघडून उघडून दाखवत होता आणि अण्णांचं लक्ष कोपऱ्यात वाळत टाकलेल्या त्याच्या स्वतःच्या छत्रीवर. शेवटी तीच घेऊन आले. दुकानदार त्या दिवशी भिजत घरी गेला असेल.

"नव्या वस्तूचा काय भरोसा, गुरुजी?" ते मला सांगायचे. "ती अजून कोणाच्या हाताखाली नांदलेलीच नसते. जुनीला वळण लागलेलं असतं."

मी शेणव्याच्या शाळेत मास्तर. अण्णांची भाताची गिरणी आमच्या घराला लागून. अक्षर चांगलं असल्याची शिक्षा म्हणून अण्णांच्या खरेदीची वही माझ्या गळ्यात पडली होती. कोणतीही वस्तू घ्यायची झाली की पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे तोटे, उजवीकडे फायदे. अण्णा बोलणार, मी लिहिणार. त्या स्कूटरचा विचार अकरा महिने चालला. तेवढ्यात विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं, झालं, आणि ती दिवाळसणाला माहेरी आली तेव्हाही स्कूटर तिथेच उभी होती.

अशा माणसाला सरकारने रिव्हॉल्वरचं लायसन दिलं.

झालं असं की पलीकडच्या गावातल्या एका गिरणीत चोरी झाली. तालुक्यातल्या गिरणीवाल्यांनी घाबरून हत्याराच्या लायसनसाठी अर्ज भरले. सगळे भरतायत म्हणून अण्णांनीही भरला. चौकशीला आलेल्या साहेबांना इतरांनी जिवाला धोका, शत्रू, दरोडेखोर असं काय काय सांगितलं. अण्णांना विचारलं तर बोलले, "साहेब, माझं कोणाशी वाकडं नाय. सगळ्यांनी फॉर्म भरला, मी बी भरला." साहेबांना एवढं खरं बोलणारा माणूस भेटला नसावा. बाकीचे अर्ज वर्षभर पडून राहिले आणि अण्णांचं लायसन हातात आलं.

आता हसू नका, पण आमचे अण्णा दिवाळीतल्या लवंगी फटाक्यालाही दचकत. पोरं माळ लावायला निघाली की ते गिरणीत शिरून इंजिन चालू करीत. भात नसलं तरी गिरणी चालू. त्या आवाजात फटाके ऐकू येत नाहीत, हा त्यांचा शोध.

लायसन मिळालं की ठरलेल्या मुदतीत त्यावर हत्यार चढवावं लागतं, नाहीतर ते रद्द होतं. नवं हत्यार घेण्याचा प्रश्नच नव्हता. कोणीतरी सांगितलं की मुरबाडला तात्या शेलार म्हणून जंगलखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यांना आपलं जुनं रिव्हॉल्वर काढायचंय. नजर कमी झाली, वय पंचाहत्तरीच्या पुढे, लायसन पुन्हा वाढवून घ्यायचं नाही. त्यांनीही ते एका साहेबाकडून वापरलेलंच घेतलेलं. हे ऐकून अण्णांचे डोळे चमकले. "दोन माणसांच्या हातात टिकलं म्हणजे केवढं वळण लागलं असंल!"

रविवारी किन्हवली-सरळगाव करत जाणाऱ्या जीपमध्ये बसून अण्णा मुरबाडला गेले. संध्याकाळी आले ते वही मागतच.

"लिवा. तोटे. गोळ्यांचं चक्र जरासं हलतं. वरचा निळा रंग उडालाय. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला लागतं. आन आवाज मोठा येतो."

"वाजवून बघितलं?"

"छ्या! तात्या बोलले मोठा येतो. मी बोललो, तुमच्या शब्दावर माझा विश्वास हाय."

"आणि फायदे?"

"पोलाद जुनं हाय. माणूस सज्जन हाय. चोराला नुसतं कळलं तरी पुरे." मग वहीत डोकावून बोलले, "आन गोळ्या सहज मिळत नायत."

"हा तोटा झाला, अण्णा."

"फायद्यातच लिवा."

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, चक्र नक्की किती हलतं ते बघायला. त्याच्या पुढच्या रविवारी ते मूठ पकडून बघायला गेले. मग मूठ डाव्या हातात कशी बसते ते बघायचं राहिलं होतं. मुदत संपत आली तेव्हा अर्ज करून वाढवून घेतली. पुन्हा वाढवून घेतली. दर रविवारी धुतलेला सदरा, खिशात कंगवा, हातात पिशवी. पिशवीत कधी वालाच्या शेंगा, कधी नव्या तांदळाचं पीठ. जीपवाले आता त्यांना "कुठे" म्हणून विचारतही नसत.

वहीतही काहीबाही शिरायला लागलं. एक दिवस अण्णा बोलले, "फायदे. चहात आलं असतं."

"कुणाच्या चहात?"

"तात्यांच्या. आन पुढं लिवा, माणूस मधी बोलत नाय, पुरतं ऐकून घेतो. जंगलातल्या गोष्टी सांगतो. सागाचं झाड रडतं कसं ते सांगितलं आज."

"अण्णा, हे रिव्हॉल्वरच्या फायद्यात कसं बसेल?"

"तुमी लिवा ना, गुरुजी."

मी लिहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. निमसेवहिनी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला सुरतेला. गिरणीत दिवसभर माणसांचा राबता, पण इंजिनाच्या आवाजात भात किती आणि कोंडा कोणाचा याच्यापलीकडे बोलणं होत नाही. रविवारी गिरणी बंद. त्या दिवशी हा माणूस ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असायचा आणि मी भिंतीपलीकडे शाळेच्या वह्या तपासत असायचो. शेजारी म्हणवून घ्यायला मला आजही लाज वाटते.

तिकडे तात्यांचंही तसंच. बायको गेलेली, दोन मुली कल्याण-डोंबिवलीकडे नांदणाऱ्या. म्हणजे एक म्हातारा विकायला बसलेला आणि दुसरा घ्यायला निघालेला, आणि दोघांनाही घाई नाही.

घाई होती ती कचेरीला. तिसऱ्यांदा मुदत वाढवायला गेलेल्या अण्णांना कारकुनाने सांगितलं, "बाबा, आता नाही. या महिनाअखेरपर्यंत घ्या, नाहीतर लायसन जमा करा."

त्या संध्याकाळी अण्णा वही न मागताच येऊन बसले. माझ्या बायकोने पुढे ठेवलेल्या पोह्यांना त्यांनी हात लावला नाही.

"गुरुजी, घेतलं तर मुरबाडला जायचं कारण संपलं. नाय घेतलं तर लायसन गेलं, मंग तरी कोणत्या तोंडानं जाऊ? हे कोणत्या बाजूला लिवायचं, सांगा."

तसेच जा की, माणूस माणसाकडे जातो, असं म्हणणार होतो. पण आमच्याकडे शहाणा माणूस सोयरीक, काम किंवा व्यवहार असल्याशिवाय जीपचं भाडं भरून दुसऱ्या तालुक्यात चहाला जात नाही. गेला तर दहा जण विचारतात, काय काम काढलं? अण्णांना याचं उत्तर देणं जमलं नसतं.

ते उठले आणि दारात थांबून बोलले, "घेतो. परक्या कोणाकडे गेलं तर तात्यांना ते परत बघाया बी मिळणार नाय."

स्कूटरला अकरा महिने लावणाऱ्या माणसाने हा निर्णय माझ्या उंबऱ्यावर उभ्याउभ्या घेतला. मी पाहिलाय म्हणून सांगतो.

परवानग्या झाल्या, शिक्के झाले आणि एका दुपारी अण्णा जीपमधून स्टँडवर उतरले. गावाने त्यांना जिंकून आल्यासारखं उतरवून घेतलं. कोणी नारळ फोडला. ज्यांचे अर्ज अजून पडून होते ते गिरणीवालेसुद्धा आले. रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळलेलं होतं आणि अण्णांनी ते लहान मूल धरावं तसं दोन हातांत धरलं होतं. गोळ्या काही त्यांनी घेतल्या नाहीत. "मिळत नायत ना," ते सगळ्यांना समाधानाने सांगत होते.

मग रविवार आला. अण्णा सवयीने सदरा घालून बाहेर आले, जीपने हॉर्न दिला, आणि ते नुसतेच हात हलवून परत ओट्यावर बसले. पुढच्या रविवारीही तेच. त्यांचा चेहरा पाहवेना.

त्यानंतर दसरा. आमच्याकडे दसऱ्याला नांगर, विळे, कोयते, गिरणीचं इंजिन, सगळ्यांची पूजा होते. यंदा पाटावर मधोमध रिव्हॉल्वर. सगळी आळी लोटली. जो येईल तो हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता वाहणार. अण्णाही कोणाला नाही म्हणेनात. संध्याकाळी आवरताना त्यांनी रिव्हॉल्वर उचललं, पुसलं, चक्र फिरवायला गेले तर चक्र जागचं हलेना. अक्षतेचा दाणा मागच्या फटीत जाऊन बसला होता. गिरणीवाल्याचं रिव्हॉल्वर तांदळाने अडलं!

कोणी हसलं, कोणी म्हणालं कल्याणला न्या, तिथे हत्यारं दुरुस्त करणारे आहेत. अण्णा मात्र ताठ उभे राहिले. त्यांचा आवाज मी एवढा खणखणीत कधी ऐकला नव्हता.

"कल्याणला कशाला? ज्यानं विकलं त्याला दावायला नको? येत्या रविवारी मुरबाड!"

तेव्हापासून ते रिव्हॉल्वर वरचेवर अडायला लागलं. कधी पंधरा दिवसांनी, कधी आठच. अण्णा लायसन खिशात घालायचे, रिव्हॉल्वर पिशवीत, त्यावर वालाच्या शेंगा, आणि जीपमध्ये बसून तक्रार घेऊन मुरबाडला. कोणी विचारलंच तर उत्तर तयार. एकदा शनिवारी संध्याकाळी मी गिरणीत डोकावलो, तर अण्णा चाळणीतून एक एक दाणा उचलून उजेडात बघत होते. मला पाहून त्यांनी मूठ मिटली. मी कोंडा मिळेल का विचारायला आल्यासारखं केलं आणि परत फिरलो.

पुढच्या एका रविवारी त्यांनी मलाही सोबत नेलं. तात्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. आम्ही बसलो न बसलो तोच अण्णा चहा करायला आत गेले. आल्याचा डबा कुठे आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. तात्यांनी रिव्हॉल्वर मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं आणि सुईने फटीतला दाणा अलगद बाहेर काढला. बोटांत चोळून नाकाशी नेला.

"झिनी तांदूळ," ते हळूच बोलले. "मागल्या टायमाला कोलम होता."

तात्या आतल्या खोलीकडे कान देऊन बोलले, "दसऱ्याचा दाणा होता त्याला हळदीकुंकू लागलेलं, गुरुजी. नंतरचे सगळे कोरे. नजर कमी झाली तरी एवढं दिसतं माला."

"मग तुम्ही अण्णांना काही बोलत का नाही?"

"बोललो तर ते नीट होईल ना!"

कपबश्या घेऊन अण्णा बाहेर आले. "काय तात्या, होतंय का?"

तात्यांनी दाणा मुठीत दाबला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली. "नाय हो निमसे. आज निघतंय, पण परत अडंल असं वाटतं. पुढल्या रविवारी आणून दावा."

अण्णांनी कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून अशा थाटात बोलले की जणू पैज जिंकलेत, "बघितलंत, गुरुजी? जुन्या वस्तूच्या मागं किती धावाया लागतं!"