ऐक्यनळाचं पांढरं पाणी

मुलांनो, तेल पाण्यावर तरंगतं हे तुमच्यातल्या कुणालातरी नक्की ठाऊक होतं. तरी मी वर्गात विचारलं तेव्हा तो गप्प बसला. नाव घेत नाही. मान खाली घालू नका, गोष्ट ऐका.

एका जंगलातही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे अस्वलाच्या घाण्यावरून दिव्यासाठी करंजाचं तेल यायचं आणि डोहातून पाणी. एके दिवशी सिंहमहाराज गरजले, "तेलाला वेगळा रस्ता, पाण्याला वेगळा? ही फूट मला चालणार नाही. घरोघर एकच नळ जाईल. ऐक्यनळ!"

टाळ्या झाल्या. डोहाला कुंपण पडलं. राजवाड्यात दोन नळ राहिले, पण ते आधीपासूनचे होते.

जोडणी द्यायला वानर आला. त्या जंगलाची रीत अशी की, प्रतिष्ठित घराने जोडणी नळाच्या वरच्या अंगाने घ्यायची, म्हणजे तळाचा गाळ घरात येत नाही. खालून भोक पाडायचं ते घुशीसारख्यांनी.

भेकरीणबाई वानराला म्हणाल्या, "दादा, आमचीही वरूनच करा हो. चार जणांत राहायचं आहे."

नळ सुटला. तेल वरून, पाणी खालून, एकमेकांकडे न बघता निघाली. प्रतिष्ठितांच्या घरी नुसतं तेल आलं. भेकरीणबाईंच्या पाडसाने तोंड लावलं आणि थुंकून टाकलं.

"आई, पाणी."

त्या घुशीच्या बिळाकडे धावल्या. तिथे स्वच्छ पाणी वाहत होतं.

"आज बरी आठवण झाली!" घूस म्हणाली. "पाडसाला पुढे घ्या. तुम्ही मात्र रांगेत."

रांगेत प्रधान कोल्हाही होता, शेपटीने तोंड झाकून. पाणी पिऊन तो थेट दरबारात गेला. "महाराज, नळाच्या आतच फूट पडली आहे."

"मग जोर लावा!"

हत्तींनी नळाला सोंडा लावून फुंकर मारली. आत असा धुमाकूळ उडाला की तेल-पाणी घुसळून पांढरंफेक झालं. आता वरून तेच, खालून तेच, घुशीकडेही तेच.

"सांगा, यात तेल कुठलं नि पाणी कुठलं?" महाराजांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. पिताही येईना. दिव्यात घातलं तर वात तडतडून विझायची.

पाडसाची जीभ कोरडी पडली. भेकरीणबाईंनी ती पांढरी घागर कोपऱ्यात ठेवली, कारण दुसरं काही सुचेना. संध्याकाळी बघतात तर तेल वर आलेलं. ते वाटीने काढलं. खाली पाणी! पाडस घटाघटा प्यायलं.

बातमी फुटली. लगेच दवंडी आली : घागर स्थिर ठेवणं हा राजद्रोह आहे. प्रत्येकाने आपापली घागर ढवळत राहावी.

सगळं जंगल ढवळू लागलं. मोराने नाच सोडला. कासव तर घागर हिंदकळावी म्हणून ती पाठीवर घेऊन पळायला बघत होतं.

एका दुपारी तरस शिपाई भेकरीणबाईंच्या दारात उभा राहिला. "ढवळण्याचा आवाज येत नाही, बाई. घागर जप्त."

"न्या. पण पाडसाचं पिऊन होऊ द्या."

तरसाने आत डोकावलं. त्याचे ओठ फुटले होते. दिवसभर दारोदार ढवळा, ढवळा ओरडून घसा बसला होता.

"तुम्ही प्यायलात का, भाऊजी?" बाईंनी विचारलं आणि वाटी पुढे केली.

तरस प्यायला. मग पाडस प्यायलं. घागर जागेवरच राहिली. तरस दाराबाहेर बसला आणि रिकाम्या मडक्यात काठी फिरवत राहिला, खडखड, खडखड. राजवाड्यापर्यंत आवाज गेला. महाराज समाधानाने झोपले.

तात्पर्य : जे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांना सतत ढवळत ठेवावं. ऐक्य टिकतं, आणि तहान लागलेल्यांचे हातही रिकामे राहत नाहीत.

हे तात्पर्य मी तरसालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "झकास आहे. पण तेही संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात ठेवून बघा. तळाला काय उरतं ते कळेल."