लाडकुंवरबाईंचं ओलं चित्र

अभयकुमारांनी पन्नाशीनंतर चित्रकलेचा क्लास लावला तेव्हा जळगावात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की माणूस काय वाटेल ते लावतो. घरात मात्र त्यांना एकाच माणसाच्या मताची ओढ होती, आणि ते माणूस म्हणजे त्यांची आई लाडकुंवरबाई. अभयकुमार बारावीत पहिले आले, त्यांनी तेलाची गिरणी वाढवली, त्यांच्या मुलाचं लग्न झालं. दरवेळी बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं होतं. "चांगलं" हा शब्द त्यांनी जन्मभर कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पंचाहत्तरीच्या दिवशी आईला तिचं तैलचित्र द्यायचं आणि तो शब्द एकदा तिच्या तोंडून ऐकायचा, एवढाच अभयकुमारांचा बेत होता.

क्लासच्या ज्योत्स्ना मॅडम चित्रावर खूश नव्हत्या. नाक जागेवर, कान जागेवर, डोळे मोजून दोन.

"काका, ही आधार कार्डावरची बाई झाली," त्या म्हणाल्या. "कडा इतक्या कातरून काढू नका. आईंकडे बघत बसा जरा. चेहऱ्यात माणूस दिसू द्या."

अभयकुमारांनी बघून पाहिलं. पण दोन मिनिटांच्या वर बघितलं की आई विचारायची, "काय हरवलं?" मग त्यांनी निमूटपणे फोटोवरूनच काम उरकलं.

खरा घोळ तेलाचा झाला. रंगात मिसळायला मॅडमनी जवसाचं तेल आणायला सांगितलं होतं. तीन पिढ्या शेंगदाण्याचं तेल काढणाऱ्या घराने दुसऱ्याच्या तेलाची बाटली आणायची, हे अभयकुमारांच्या मनाला काही पटेना. तेल ते तेल, आणि आपलं तर दोनदा गाळलेलं. त्यांनी गुपचूप घरचंच तेल वापरलं.

चित्र पूर्ण झालं, पण सुकेना. महिनाभर पंख्याखाली ठेवलं. मग मे महिन्यात गच्चीवर ठेवलं. तिथे पापड तासाभरात कडक होतात, पण चित्रातल्या आईची हनुवटी दोन बोटं खाली उतरली. ती परत जागेवर चढवण्यात एक अख्खा रविवार गेला. पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी गिरणीतला फिटर धनसिंग खुर्च्या पोहोचवायला घरी आला. त्याने चित्राला बोट लावून वास घेतला.

"शेठ, हाई आपलं तेल शे ना?"

अभयकुमारांनी मान हलवली.

"मंग कसं सुकी?" धनसिंगने अंगावरचा तेलकट सदरा दाखवला. "तीस वरीस व्हयनात, मना सदरा आजून सुकना नही."

आता नवीन चित्र काढायला वेळ नव्हता. सकाळी उठून पाहतात तर खिडकीपासून चित्रापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली, आणि आईच्या दोन्ही गालांवर मुंग्या चिकटून हातपाय हलवत होत्या. जैनाच्या घरात मुंगीला मारायचा प्रश्नच नव्हता. फडक्याने पुसावं तर जीव जाणार, आणि चित्रही. अभयकुमार घाबरून मॅडमना फोन लावायला आत गेले. परत येऊन बघतात तर आई चष्मा लावून स्वतःच्याच चित्रासमोर उभी होती. सामायिकाच्या ध्यानाला बसताना जागा झाडायची तिची मऊ लोकरीची पुंजणी हातात होती, आणि ती एकेक मुंगी अलगद कागदावर उतरवून घेत होती.

"आई, रंग ओला आहे गं."

"मुंग्या पण जिवंत आहेत," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

तासाभराने सगळ्या मुंग्या अंगणातल्या कडुनिंबाखाली सुखरूप पोहोचल्या. चेहऱ्यावर एक कड शिल्लक राहिली नव्हती. अभयकुमारांना बघवेना. सून रुचीने चित्राला टेकणार नाही असं कापड टाकलं.

संध्याकाळी भरल्या घरात कापड निघालं. ओठ किंचित सरकले होते, सुरकुत्या एकमेकींत मिसळल्या होत्या. हसू येत असताना काहीतरी आठवून थांबलेली बाई समोर होती. ज्योत्स्ना मॅडम खुर्चीवरून उठून चित्राजवळ गेल्या.

"काका, हे जमलं कसं तुम्हाला?"

सगळ्यांच्या नजरा अभयकुमारांवर होत्या, आईचीही. नुसतं हसून गप्प राहिलं असतं तरी काम झालं असतं.

"मी नाही केलं. आईने केलं, मुंग्या काढताना."

"बरं," लाडकुंवरबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांना जेवायला बसवायला गेल्या.

पण मॅडमनी बाईंना क्लासला यायचं कबूल करवल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या सोमवारी लाडकुंवरबाई पुंजणी आणि घरच्या तेलाची बाटली घेऊन क्लासला हजर झाल्या. बाटली मॅडमनी दारातच काढून घेतली. समोर बसायला कोणी तयार होईना, म्हणून स्टुलावर अभयकुमारांना बसवलं. आई चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. इतका वेळ तिने त्यांच्याकडे कधी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना.

"काय हरवलं, आई?"

"हलू नको," ती म्हणाली. मग कोळशाची कांडी कागदाला टेकवत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चेहरा चांगला आहे तुझा. मीच कधी नीट बघितला नव्हता."

अभयकुमारांना डोळे पुसायचे होते, पण हलायचं नव्हतं.