एकविसाव्या पायरीवरचं भांडण

भीमाशंकरचा निबंध लिहून झाला होता. आता तो फक्त सुधारायचा राहिला होता, आणि घात तिथंच झाला.

भीमाशंकर म्हणजे वालूरच्या ईश्वरअप्पांचा एकुलता एक मुलगा. वय बावीस, लग्न झालेलं, आणि तुरीच्या पोत्याशेजारी बसलं की शिंका सुरू. वडिलांचं धान्याचं दुकान गावात नावाजलेलं होतं, पण पोराला वेड मास्तर व्हायचं. त्या उन्हाळ्यात परभणीला मास्तरांचा वर्ग निघणार असल्याचा जाहीरनामा चावडीवर लागला. ज्याला वर्गात यायचं असेल त्यानं आपल्या गावातल्या एखाद्या जागेवर, मराठीत किंवा उर्दूत, निबंध लिहून सरकारी पंचांगातल्या तीर महिन्याच्या वीस तारखेच्या आत पाठवावा. ज्याचा निबंध पसंत पडेल त्याची निवड.

"एक डाव बघ," ईश्वरअप्पा म्हणाले. "निवड झाली तर जा. न्हाई झाली तर दसऱ्यापासून गादीवर बसायचं. मग मास्तरकीचं नाव काढायचं न्हाई."

भीमाशंकरनं निबंधासाठी गावची बारव निवडली. ही बारव तळाशी गाळानं बुजलेली होती. गाळ काढावा म्हणून गावानं तालुक्याला तीन वेळा अर्ज केले होते, आणि तिन्ही अर्ज त्याच गाळात गेल्यासारखे गडप झाले होते. भीमाशंकरनं एका बैठकीत दोन पानं लिहिली. 'आमच्या बारवेला त्रेचाळीस पायऱ्या आहेत. सोळाव्या पायरीवर ऊन संपतं आणि एकविसाव्या पायरीवर भांडण संपतं, कारण तिथल्या गारव्यात कुणाला रागावताच येत नाही. खालच्या देवळ्यांत कबुतरं राहतात. ती या घरची जुनी माणसं.' आणि मध्येच त्यानं बायकोच्या कळशीची गोष्ट घातली. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात उमादेवीची माहेरची तांब्याची कळशी हातून सटकली, पायऱ्यांवरून वाजत वाजत तळाशी गेली, आणि अजून गाळातच होती.

उमादेवीला अक्षरओळख नवऱ्यानंच करून दिली होती. तिनं बोट ठेवून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "कळशीचं लय चांगलं जमलंय." तेवढ्यावर थांबलं असतं तर ही कथा इथंच संपली असती.

पण संध्याकाळी निबंध ईश्वरअप्पांच्या हाती गेला. "ह्याला काय मांडणी म्हणायची?" ते म्हणाले. "चांगला माल मधी कोंबलास. अरे, पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ठेवायचा असतो. गिऱ्हाईक मूठ घालतंय ती वरच!"

धान्याच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं होतं. ईश्वरअप्पांनी चांगली चांगली वाक्यं हुडकून वर घ्यायला लावली. त्यामुळे निबंध तोंडाशी ठासून भरला आणि बुडाशी रिकामा झाला. मग आई चन्नबसम्मा आली. "देवळीत महादेवाची पिंड हाय, तिला सोडून कबुतरं लिवलास व्हय रे? आधी देव, मग पाखरं." महादेव सर्वांत वर गेला. मग ईश्वरअप्पांची नजर कळशीवर पडली. "सुनेची कळशी सरकारला कशाला सांगायची? काढ ती." भीमाशंकर जन्मात पहिल्यांदा वडिलांसमोर अडून बसला. बरीच घासाघीस होऊन कळशी राहिली, पण शेवटच्या ओळीत गेली.

लढाईचे दिवस होते आणि कोरा कागद महाग झाला होता. चौथ्या वेळेला निबंध दुकानातल्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर उतरला. तेव्हा पहिल्या खर्ड्यात चन्नबसम्मा हळद बांधायला निघाली होती, तो उमादेवीनं काढून घेऊन आपल्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवला.

"आता ह्याला जाणतं माणूस पायजे," ईश्वरअप्पांनी जाहीर केलं. "अन् उर्दूतच जाऊ दे. सरकारची जबान बघून सरकार खूश होतंय." सोळा तारखेला त्यांनी बैलगाडी जुंपली आणि पोराला घेऊन जिंतूर गाठलं.

जिंतूरला तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली, दिनकरराव अर्जनवीस बसत. तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून त्यांचं उर्दू अक्षर असं वळणदार झालं होतं की ज्याच्याविरुद्ध अर्ज असे तोही कौतुक करी. अर्जाशिवाय दुसरं काही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. घरी मुलीला पत्र लिहिलं तरी शेवटी 'मेहरबानी होऊन योग्य तो हुकूम व्हावा' असं असायचं. त्यांनी निबंध दोनदा ऐकला आणि मान हलवली.

"मजकूर उमदा हाय, ईश्वरअप्पा. पण बांधणीच न्हाई. कुणाला लिवलं, कुणी लिवलं, तकलीफ काय, मागणं काय? आता हेच बघा. एकविसाव्या पायरीवर भांडण संपतं. म्हंजे भांडण होतं, बरोबर?"

"तसं न्हाई, मुन्शीजी," भीमाशंकर म्हणाला. "तिथला गारवाच असा हाय की..."

"झाल्याबिगर संपतं का भांडण?"

दिनकरराव पुढच्या ओळीकडे वळले.

"अन् ही कबुतरं राहतात, ती कुणाच्या इजाजतीनं?"

"मुन्शीजी, कबुतरं हायत ती."

"तू गप रे," ईश्वरअप्पा म्हणाले. "जा, बैलांना पाणी दाखव. मुन्शीजींना लिहू दे."

भीमाशंकर बैलांना पाणी दाखवून आला तेव्हा दिनकरराव कलम पुसत होते आणि ईश्वरअप्पा कृतार्थ चेहऱ्यानं पान खात होते. कागद कुठंच दिसत नव्हता.

"निबंध कुठं हाय?"

"दाखल केला की," दिनकरराव म्हणाले. "तिकीट लावलं, आत जाऊन दिला, नंबर बी पडला. माझ्या हातचा कागद कधी परत गिऱ्हाइकाच्या हातात जात न्हाई. तीस वर्साचा रिवाज हाय."

 भीमाशंकर धावतच कचेरीत गेला. कागद दाखल करून घेणारा पेशकार दौतीत बोरू बुडवत होता.

"साहेब, तो कागद चुकून आत आलाय. तो अर्ज न्हाई, निबंध हाय. वीस तारखेच्या आत परभणीला पोचला पायजे."

"इथं कागद आत येतो," पेशकार शांतपणे म्हणाला. "बाहेर पडतो तो हुकूम. नंबर पडला म्हणजे मिसल झाली."

"पण तो अर्जच न्हाई!"

"मग तसा अर्ज द्या."

दिनकररावांनी तसा अर्ज लगेच लिहून दिला, आणि रिवाजाप्रमाणे स्वतःच दाखल केला. त्यालाही नंबर पडला. मिसल, म्हणजे कचेरीची फाईल, आता दोन कागदांची झाली.

 वालूरला घरी येऊन भीमाशंकर पुन्हा लिहायला बसला, पण डोक्यात महादेव, पोत्याचं तोंड आणि पायऱ्या यांचा असा काला झाला होता की एक ओळ धड उतरेना. दसरा डोळ्यांसमोर दिसायला लागला आणि त्याला नुसत्या कल्पनेनंच शिंक आली.

उमादेवीनं पेटी उघडली आणि पहिला खर्डा त्याच्यापुढं ठेवला. कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं होतं.

"हाच धाडा," ती म्हणाली.

"अगं, ह्यात खाडाखोड हाय. कुणी सुधारलेला बी न्हाई."

"म्हणूनच म्हणायले मी."

दुसरा इलाजच नव्हता. खर्डा टपालानं रवाना झाला.

पंधरा दिवसांनी घोड्यावरून तहसीलचे तपासणी अधिकारी, गिरदावर, आले आणि थेट ईश्वरअप्पांच्या दुकानासमोर उतरले. मागं चपराशी, चपराश्याच्या काखेत मिसल. क्षणात अर्धं गाव गोळा झालं. गिरदावरांनी चष्मा लावला आणि दिनकररावांचं उर्दू सगळ्यांना समजेल असं मराठी करून वाचायला सुरुवात केली.

"'मौजे वालूर इथल्या बारवेच्या एकविसाव्या पायरीवर कायम तंटे होतात. कबुतरांच्या एका जमावानं सदर बारवेवर विनापरवाना कब्जा केला आहे. तसंच अर्जदाराच्या पत्नीची तांब्याची कळशी, नग एक, बारवेनं परस्पर ठेवून घेतली असून आजतागायत परत दिलेली नाही.'" त्यांनी चष्मा काढला. "अर्जदार कौन है जी?"

सगळ्या गावानं भीमाशंकरकडे बघितलं. ईश्वरअप्पा तुरीच्या पोत्याआड दिसेनासे झाले.

"मी, साहेब. पण तो निबंध..."

"वो बाद में. कबूतरां किधर हैं?"

गिरदावर सगळ्या गावाला मागं घेऊन बारवेत उतरले. सोळाव्या पायरीवर ऊन संपलं. एकविसाव्या पायरीवर त्यांनी चपराश्याला चौकशीसाठी थांबवलं, पण तिथं भांडायला कुणीच तयार होईना. गिरदावर स्वतःच त्या पायरीवर टेकले. जरा वेळानं त्यांनी टोपी काढली. दीड तास ते तिथंच बसून होते. जाताना त्यांनी शेरा लिहिला: 'तंटा आढळला नाही. कबुतरं समक्ष पाहिली. गाळ मात्र खरोखर आहे.' मग मिसल घेऊन ते निघून गेले. गावानं हा चौथा अर्जही गाळात जमा धरला.

आठच दिवसांत परभणीहून पत्र आलं. निबंध पसंत होता. वर शेरा होता की कळशीचा मजकूर विशेष उतरला आहे. ईश्वरअप्पांनी पत्र तीन वेळा वाचून घेतलं आणि गावभर सांगत सुटले की, "मी सांगितल्यापरमानं लिवलं म्हणून झालं." भीमाशंकरनं त्यांचा तो आनंद मोडला नाही. बापाला कमीपणा यावा असं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

दोन वर्षं गेली. भीमाशंकर वालूरच्याच शाळेत मास्तर होऊन आला. एक दिवस शाळा सुटून तो घरी येतो तोच जिंतूरचा चपराशी दारात उभा राहिला. काखेत तीच मिसल, पण आता पोथीएवढी जाड. सगळ्यांत वर नवा हुकूम होता: 'सदर कागद अर्ज आहे की निबंध, याचा उलगडा दोन वर्षं होत नाही. तरी मौजे वालूरच्या मास्तरांनी आपली राय द्यावी. अर्ज ठरल्यास गाळ काढण्यास मंजुरी आहे. निबंध ठरल्यास मिसल बंद करण्यात येईल.'

"निबंध हाय म्हणून लिव अन् मोकळा हो," ईश्वरअप्पा म्हणाले. "कचेरीची ब्याद घरात नगं. अन् निबंध न्हाई म्हणलास तर तुझीच नाचक्की. मास्तराला निबंध लिवता येत न्हाई म्हणतील."

तेवढ्यात उमादेवी मळ्यातल्या विहिरीवरून पाणी घेऊन आली. तिनं डोक्यावरची घागर उतरवली, कमरेवरची उतरवली, आणि पदरानं तोंड पुसत नुसती उभी राहिली. भीमाशंकरनं तिच्याकडे बघितलं आणि लाल शाईची दौत पुढं ओढली.

'मांडणी विस्कळीत. सुरुवात लांबलेली. पायरीचा अर्थ लिहिणाऱ्याला समजलेला नाही. कबुतरांवर अन्याय. निबंध म्हणून साफ नापास; सबब हा अर्जच आहे.' खाली त्यानं मार्क मांडले आणि सही केली.

"किती मार्क दिले?" उमादेवीनं विचारलं.

"धापैकी दोन."

"दोन तरी कशाचे?"

"अक्षराचे."

"ते तर दिनकररावांचं हाय," उमादेवी म्हणाली.

महिनाभरात गाळ काढायला माणसं आली, देखरेखीला जिंतूरचा चपराशी. चौथ्या दिवशी तळाशी कुदळ ठण्णकन वाजली आणि कळशी वर आली. चेमटलेली, हिरवी पडलेली, पण होती तीच. उमादेवी धावत सुटली आणि एका दमात एकविसाव्या पायरीपर्यंत पोचली. तिथं चपराश्यानं तिला अडवलं.

"बाई, हात लावू नका. मिसलीत नोंद हाय हिची. कळशी, नग एक. कचेरीत जमा करावी लागंल. पायजे असली तर अर्ज द्या."

एकविसावी पायरी होती, तरी उमादेवीला राग आला. ती तशीच घरी आली.

"थांब, जिंतूरला जातो," भीमाशंकर जोडे घालत म्हणाला. "दिनकररावांकडून अर्ज लिहून घेतो."

"अर्ज नगं," उमादेवीनं त्याच्यापुढं कागद आणि दौत ठेवली. "तीन अर्जानं काय झालं व्हतं? तुमी निबंधच लिवा. अन् ह्या बारीला कुणाला बी सुधारू देऊ नका."