नापास व्हायचा बेत

डेल्फिन टीचरांनी नापास व्हायचं ठरवलं होतं! निर्मळ गावच्या पोरांना जन्मभर पास केलं; आता स्वतः एकदा नापास झालं तर काय बिघडतं?

कोणाला मोबाइल वापरता येतो आणि कोणाला नाही, हे छोटीशी परीक्षा घेऊन मोजत एका संस्थेची संपदा नावाची मुलगी घरोघर फिरत होती. ज्यांना येत नाही, त्यांच्याकडे ती दर शनिवारी शिकवायला येणार होती. दर शनिवारी! म्हणजे गप्पा, चहा, समोर जिवंत माणूस! क्लेटन आणि स्टेफी, दोन्ही मुलं कॅनडात. रविवारी मोबाइलच्या काचेत दिसायची. पण काचेतून चहा पाजता येतो का?

टीचरांनी दोन कप काढून ठेवले. संपदा आल्यावर मोबाइल मुद्दाम उलटा धरला.

"टीचर, व्हिडिओ कॉल येतो करता?"

"छे गं बाय! मला तर हा विंचवासारखा वाटतो!"

"करून तर बघा."

सोंग चांगलं वठावं म्हणून टीचरांनी डोळे गच्च मिटले आणि काचेवर कशीही बोटं आपटली. व्हिडिओ कॉल लागला तो थेट चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरच्या ग्रुपवर! भरदुपारी डोळे मिटलेल्या टीचर बघून वाडीत 'टीचर गेल्या!' अशी एकच बोंब उठली.

बघता बघता अंगण भरलं. शेजारचा सिप्रियन केळीच्या बागेतून कोयत्यासकट धावला. एलिना ओल्या केसांनी आली. दारात चपलांचा ढीग पडला, पूर्वी शिकवणीच्या वेळी पडायचा तसाच. टीचर सोंग विसरून त्या चपलांकडेच बघत राहिल्या.

"टीचर, आहात ना?" सिप्रियन धापा टाकत म्हणाला.

"आहे रे! चुकून लागला कॉल. मला कुठे येतो मोबाइल?"

"तुम्हाला येत नाही? मग माझ्या गॅसचा नंबर कोण लावतं? लाइटबिल कोण भरतं?"

"आणि मला फोटोवर गाणं चढवायला कोणी शिकवलं?" एलिनाने भर घातली.

टीचर डोळे वटारून खुणावत होत्या.

"डोळ्यात काही गेलं का, टीचर?" सिप्रियनने काळजीने विचारलं.

संपदाने हसत पूर्ण गुण दिले.

"अगं, एखादा तरी काप!" टीचर काकुळतीला आल्या. सगळे हसले, आपापल्या चपला शोधून निघून गेले. संपदालाही पुढची घरं होती. दोन्ही कप कोरडेच राहिले.

नापास झाला तो सिप्रियन!

शनिवारी संपदा त्याच्या ओट्यावर बसून शिकवू लागली. कुंपणाआडून टीचरांनी थोडा वेळ कसाबसा धीर धरला. मग ओरडल्या, "चुकीचं शिकवतेस गं! घेऊन ये त्याला इकडे. चहा टाकलाय!"