बोटीची शिंगं

परकी भाषा व्याकरणाने नव्हे, साहित्याने येते, असा आदेश वरून आल्यामुळे नववीच्या इंग्रजी पुस्तकात दरवर्षी एक नवी कथा घालण्यात येऊ लागली. ती कोणी वाचावी, हे आदेशात नव्हतं. बाईंनी गाईड वाचलं आणि वर्गाने बाईंचा फळा उतरवून घेतला.

वर्गातली बडबडी तेवढी तापाने तीन दिवस घरी होती. करमेना म्हणून तिने शब्दकोश मांडीवर घेऊन चक्क कथा वाचली. एका कप्तानाचा लाकडी पाय बोकड पळवतो आणि कप्तान लंगडी घालत गावभर त्याच्यामागे धावतो! परक्या भाषेत आपल्याला हसू फुटलं, या आनंदात तिचा ताप उतरला.

मग तोंडी परीक्षा आली. तिच्यात नापास म्हणजे पुन्हा नववी.

"कथा वाचून काय वाटलं?" बाईंनी विचारलं.

बडबडी फिस्सकन हसली. "बाई, तो बोकड पाय घेऊन कोर्टात शिरतो ना—"

"बोकड? अगं, करुण कथा आहे ही. बोट बुडते, कप्तान जातो, आपण हळहळतो. पाच मार्क."

"पण पुस्तकात 'गोट' आहे, बाई!"

"छपाईची चूक. 'बोट' हवं."

गाईड गेल्या वर्षीच्या कथेचं होतं. ते कळायला बाईंना पुस्तक उघडावं लागलं असतं. प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं.

"एक्केचाळीस मुलं रीतसर हळहळली आहेत," ते म्हणाले. "आता बोकड निघाला, तर त्यांची हळहळ परत कशी घ्यायची?"

दुसऱ्याच दिवशी शुद्धिपत्र निघालं: 'सर्वत्र गोटऐवजी बोट वाचावे.' बडबडीला फेरपरीक्षेची एक संधी मिळाली.

"हळहळून टाक एकदाची!" आई म्हणाली. "घरी रिमोटवरून भोकाड पसरतेस, आणि मार्कांसाठी चार टिपं निघत नाहीत होय गं?"

फेरपरीक्षेला स्वतः मुख्याध्यापक बसले. बडबडी दुरुस्त कथा मोठ्याने वाचू लागली. बोटीने कोबी खाल्ला. तिने ओठ चावला. बोटीने दाढी हलवली. तिने स्वतःला चिमटा काढला. मग बोटीने शिंगं रोखून कप्तानाला ढुशी मारली, आणि बडबडीने पुस्तकात तोंड खुपसलं. खांदे गदगदा हलले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

"बघा!" बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "याला म्हणतात रसग्रहण!"

तिला पैकीच्या पैकी मिळाले. पुढच्या वर्षी रसग्रहणाचा नमुना म्हणून तिचं रडणं गाईडमध्ये छापलं जाणार आहे.

वाचकहो, ज्यांनी ही कथा पहिल्यापासून वाचली, त्यांनी फेरपरीक्षेस बसावं. जे सारांश शोधत थेट या ओळीवर आले, ते उत्तीर्ण.