तुतिकबाईंची ताजी बातमी

निवृत्त शिक्षक संघाच्या बैठकीत अध्यक्षा एंडांगबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "बू तुतिक, पाक सुर्यादींच्या मयताला अख्खा संघ होता, तुम्हीच दिसला नाहीत! संघाचं संकेतस्थळ वाचत नाही वाटतं?"

सोलो शहरात बाईमाणसाला 'बू' आणि बुवाला 'पाक' असा मान देतात. तिथे लग्न चुकलं तर एकवेळ चालतं, पण मयताच्या घरी न फिरकणारं माणूस लोकांच्या मनातून उतरतं. तुतिकबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयातल्या दानांगला गाठलं.

"बू, रोज संकेतस्थळ उघडायला नकोच," तो म्हणाला. "त्याचं फीड जोडून घ्या. तिथलं सगळं आपण होऊन तुमच्या फोनात चालत येईल."

आणि खरंच चालत आलं. बाई घरी पोचेपर्यंत एकामागून एक निधनाच्या बातम्या येत राहिल्या, फोन थांबायचं नाव घेईना.

"संघात साथबीथ आलीय की काय?" नवऱ्यानं, पाक दार्मोनं, डोकावून विचारलं. "किती ही निधनं!"

"गप्प बसा हो. आजच्या तारखेचं तेवढं बघायचं." चष्मा सावरून त्यांनी बोट फिरवलं. आजच्या तारखेसमोर नाव होतं पाक कुसनादींचं. त्यांचे पहिले मुख्याध्यापक! निवृत्तीनंतर ते क्लातेनला मुलाकडे गेले आणि भेटीगाठी तुटल्या होत्या. बाईंना खरोखरच रडू कोसळलं.

मयताच्या घरी द्यायच्या रीतीप्रमाणे तांदूळ आणि साखर बांधून दोघं स्कूटरवरून क्लातेनला पोचले. अंगणात चटया अंथरलेल्या, टोप्या घातलेले पुरुष बसलेले. "वेळेवर आलो," बाई पुटपुटल्या आणि आत जाऊन त्यांनी कुसनादींच्या बायकोच्या, वार्सिनींच्या, गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"असं कसं हो झालं एकाएकी!"

वार्सिनीही रडायला लागल्या. मातीला कधी नेणार, असं बाई विचारणारच होत्या, तेवढ्यात वार्सिनी म्हणाल्या, "वर्ष कसं सरलं, कळलंसुद्धा नाही बघा."

बाईंचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. फोननं दिवस आणि महिना दाखवला होता, साल गिळलं होतं!

"गेल्या वर्षी तुम्ही आला नाहीत म्हणून मी मनात राग धरला होता," वार्सिनी त्यांचा हात धरून म्हणाल्या. "पण आज वर्षाच्या प्रार्थनेची आठवण शाळेतल्या कुणालाच राहिली नाही, तुमच्या त्या अध्यक्षीणबाईंनासुद्धा. तुम्ही तेवढ्या आलात."

बाईंना लाजही वाटली आणि बरंही वाटलं. त्या गुपचूप प्रार्थनेला बसल्या, आणि या खेपेला त्यांनी सरांची मनापासून माफी मागितली.

घरी आल्यावर पाक दार्मो म्हणाला, "उद्या दानांगला सांग आणि ती जुनी मढी फोनातून काढून टाक."

"हात लावून तर बघा!" बाईंनी पुन्हा चष्मा चढवला. "उद्याच्या तारखेला कोण आहे, बघू दे... अगंबाई, एंडांगबाईंच्या सासूबाई! अहो, साखर आहे घरात, तांदूळ तेवढे आणा. आणि खबरदार, अध्यक्षीणबाईंना आधी आठवण करून द्याल तर!"