कॉटमधली उशी

बाळ घरी यायच्या आधीच बाळाच्या बापानं कॉट तपासून घेतली. कारखान्यात सुरक्षा तपासनीस असल्यामुळे त्याचा भिंतीला टेकलेल्या शिडीवरही विश्वास नसे. कॉट त्यानं खिडकीपासून लांब, पडद्याची दोरी पोहोचणार नाही अशी लावली. गादी मुठीनं दाबून पाहिली. आणि सासूबाईंनी शिवलेली मऊ उशी उचलून कपाटात टाकली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळाला पाठीवर झोपवा, गादी कडक आणि सपाट हवी, कॉटमध्ये दुसरं काही नको.

दुपारी बाळ आलं आणि उशीही परत आली.

त्यानं ती काढली. चहा घेऊन येतो तर उशी हजर, शेजारी कापसाचा ससा!

"आई, उशी तुम्ही ठेवलीत?"

"मी? मघाशी मीच तर काढली! मला वाटलं, तुम्हीच ठेवताय."

हे उत्तर त्याला जरा जास्तच तयार वाटलं. सासूबाईंनाही जावयाचा चेहरा काही बरोबर दिसेना. तो पडद्याआड उभा राहिला. त्या दाराआड, दुपट्याची तीच ती घडी घालत.

थोड्या वेळानं सासरे आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी कपाट उघडलं, उशी काढली आणि कॉटकडे निघाले.

"सापडलात!" दोघं एकदमच ओरडले.

"मी कसला सापडतोय? चोर शोधा!" सासरे उखडले. जन्म गोदामं सांभाळण्यात गेलेला. "दुपारपासून नातीच्या वस्तू कुणीतरी पळवतंय. मी बिचारा शोधून जागेवर ठेवतोय."

मग दोघांनी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं ऐकवलं. नाक दबलं तर तान्ह्या बाळाला ते सोडवून घेता येत नाही, हेही सांगितलं. सासरे वरमले.

"बरं. उशी नको, ससा नको, पटलं. पण बाळही नको?"

तिघांनी कॉटमध्ये पाहिलं. नुसती गादी! तपासनिसानं गादी उचलून खालीही पाहिलं. सासूबाईंनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, नवऱ्यानं जावयाच्या.

"काय चाललंय?" दारात बाळंतीण उभी होती, खांद्यावर बाळ. "केव्हाची माझ्याकडे आहे ही. दूध पिऊन ढेकरही दिला. सरका जरा."

तिनं लेकीला रिकाम्या कॉटमध्ये पाठीवर निजवलं. लेक लगेच झोपली.

आजोबा वाकले, नातीला निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"आपलीच आहे ना? बघितलंस नीट?"